ठशातली मोकळी जागा

कार्तो, कार्तोचा सुविर्यो, सुविर्योचा पार्मिन... इंडोनेशियातल्या पेकालोंगानमध्ये बाटिकचे, म्हणजे कापडावर मेणाची नक्षी उमटवायचे, तांब्याचे ठसे घडवावेत ते याच घराण्याने. कार्तोच्या पहिल्या ठशाने सुमिराहचे जाईचे फूल हुबेहूब उचलले आणि मेणाने फुले रेखणाऱ्या त्या बाईचे काम गेले. "तुझ्या फुलाची जागा परत देईन," असे तो म्हणाला होता, दिली नाही. पार्मिनचा बागस मात्र तांबे सोडून पायथन भाषेत प्रोग्राम लिहू लागला.

सुमिराहची पणती निंग्रुम त्याला भेटली ती प्रोग्रामरांच्या संमेलनाबाहेर, आल्याच्या कॉफीच्या गाड्यावर. तो कोण, हे तिला ठाऊक नव्हते.

"वर्षभर खपून डेकोरेटर लिहिला," ती फणकारली. "प्रोग्राममधल्या क्लासच्या डोक्यावर एक ओळ ठेवा, की नेहमीच्या कामांच्या मेथड, दोन वस्तू सारख्या का हे बघणारीसुद्धा, आपोआप तयार! पण तो तपासणारा कुणी बागस आहे, त्यानं तिसऱ्यांदा परत पाठवला. नाक लांब असणार मेल्याचं, सगळीकडे खुपसतो."

तरुणाने हळूच स्वतःचे नाक चाचपले. "एवढं... लांब?"

कॉफी तिच्या घशातच अडकली.

"अहो, पण त्याच त्या ओळी सगळ्यांनी पुन्हापुन्हा लिहायच्या का?" ती कशीबशी सावरली. "हाताने लिहिलं की चुका होतात."

"मान्य. पण कुणी एखादी मेथड मुद्दाम हाताने लिहिली असेल, तर तुमचा डेकोरेटर ती गुपचूप पुसतो. आमच्या दुकानाच्या प्रोग्राममधली, वस्त्रं सारखी का हे बघणारी मेथड त्यानं पुसली आणि हाताने रेखलेली दोन वेगळी वस्त्रं एकच ठरवली. गिऱ्हाइकाला भलतंच गेलं!"

निंग्रुमने पेला गाड्यावर ठेवला. मग हट्टाने म्हणाली, "हातची तशीच ठेवली, तर वाचणाऱ्याला कळणार कसं, कुठली कुणाची?"

"क्लासमध्ये दिसते ती माणसाची. दिसत नाही, ती तुझी."

"तुझी?"

"...तुमची."

"राहू दे," ती म्हणाली, आणि हसू लपवायला तिने पेला तोंडाशी नेला.

तिने डेकोरेटर बदलला. हाताने लिहिलेले काही आहे का, हे तो आता आधी पाहू लागला; जिथे काही नाही, तिथेच लिहू लागला. बागसने तो स्वीकारला. भांडणे मात्र थांबली नाहीत. त्यासाठी दोघे रोज भेटू लागले.

एके सकाळी बागस निंग्रुमच्या आजीसमोर, सुमिराहच्या लेकीसमोर, येऊन बसला. बोटे भाजलेली, हातात स्वतः घडवलेला ठसा. भोवती वेली, मध्ये मोकळी जागा.

"आजी, लग्नाचं वस्त्र करायचंय. निंग्रुम हो म्हणाली तर... फूल तुमच्या हातचं हवं."

"हो म्हणायला मी कधीची बसलेय," दाराआडून आवाज आला. "लांब नाकासकट!"

आजीने मेण तापवले. बागसने ठसा उमटवला. मधल्या पांढऱ्या जागेत आजीने जाईची पाकळी न् पाकळी रेखली, आणि मान वर केली.

"कार्तोचं देणं फिटलं."