आधी माझ्या हातावर

बंद दाराआडून धाकट्या बहिणीचा, बाहुलीचा गोड, सरावलेला आवाज येत होता, "नमस्कार, माझ्या लाडक्या मैत्रिणींनो..." आणि दाराबाहेर भिंतीला टेकून उभ्या असलेल्या ताईने डाव्या हाताची बाही वर सारली. काल दुपारी कोपराच्या आतल्या बाजूला भुवयांना लावायच्या रंगाचा एवढासा ठिपका तिने लावला होता. त्याच्याभोवतीची कातडी आता लालबुंद होऊन फुगली होती आणि तिच्यावर पाण्याचे फोड टरारून आले होते. तोच रंग थोड्याच वेळात बाहुली आपल्या डोळ्यांच्या वर लावणार होती...

सहा वर्षांपूर्वी शिवणाच्या मशीनला मोबाईल टेकवून या पोरीने ओठ रंगवायचा पहिला व्हिडिओ केला होता, आणि ताई शेजारी टेबलावरचा दिवा धरून उभी होती. आता तीन लाख माणसं तिचं ऐकत होती. कंपन्यांचे खोके घरी येत. ताई लोकांचे कपडे उसवून-शिवून देता देता ते उघडी, आणि बाहुलीच्या हाती देण्यापूर्वी प्रत्येक डबीतलं कणभर काढून स्वतःच्या हाताला लावी. एक दिवस वाट पाही. आम्हा दोघींची कातडी एकाच आईची, माझ्या हाताला सोसलं ते तिच्या चेहऱ्यालाही सोसेल, असा तिचा साधा हिशेब होता. आणि त्या हिशेबामागे होती एकवीस वर्षांची भीती, जिचा उच्चारही तिने कधी केला नव्हता.

गेल्या वर्षापासून मात्र काय झालं होतं कोण जाणे, जे लावावं ते हाताला बाधत होतं. मग ताई डब्या लपवू लागली, फुटक्याच आल्या म्हणून सांगू लागली. एक महागडी बाटली तर तिने मोरीत ओतून टाकली. दोन कंपन्यांनी कंटाळून बाहुलीशी संबंध तोडले. सोमवारी कचऱ्यात भरलेली डबी सापडली आणि सगळं बाहेर आलं. का केलंस, असं बाहुलीने दहा वेळा विचारलं, ताईने दहाही वेळा मान खाली घातली. शेवटी ती पोर थंडपणे म्हणाली, "तुझं आयुष्य या मशीनखाली गेलं, म्हणून माझंही तिथेच पुरायचंय का तुला? पुन्हा माझ्या खोलीत पाऊल टाकलंस, तर मी हे घर सोडीन."

ती बोलली तसं करणारी होती. घर सोडून गेली तर ताईला जगात दुसरं होतं कोण? पण आत गेले नाही तर... ताईने डोळे मिटले, आणि जे पाहायचं नव्हतं तेच दिसलं. आईचा सुजलेला चेहरा. फुगून बंद झालेले डोळे, श्वासासाठी उघडं राहिलेलं तोंड. देवा, तिला नको रे, तिला नको...

"आता मी ब्रश रंगात बुडवते हं," आतून आवाज आला.

ताईने दार ढकललं.

पांढऱ्याशुभ्र उजेडात बाहुली स्टुलावर बसली होती, ब्रश भुवईपासून बोटभर अंतरावर. कोपऱ्यात कंपनीची बाई मोबाईलवर थेट पाहणाऱ्यांचा आकडा न्याहाळत होती. ताईने धावत जाऊन बहिणीचं मनगट पकडलं.

चेहऱ्यावरचं हसू न मोडता बाहुली दातांतल्या दातांत म्हणाली, "ताई, सगळे बघतायत. बाहेर जा."

"बघू देत," ताई म्हणाली, आणि तिने बाही पार खांद्यापर्यंत वर ओढली.

फोड तर होतेच. पण त्यांच्या वर, खाली, दंडापर्यंत गोल गोल डाग पसरले होते. काही तपकिरी, काही पांढुरके, काही इतके जुने की नुसती सावली उरलेली. बाहुलीचं हसू हळूहळू विरत गेलं. "आमच्या ताईला भर उन्हाळ्यातही लांब बाह्याच लागतात, म्हातारीच जन्माला आलीय ती," असं तिने याच स्टुलावर बसून सगळ्यांना सांगितलं होतं, आणि सगळे हसले होते.

"हे काय आहे, ताई?"

"तू लावायच्या आधी मी लावून बघते. पहिल्यापासून."

कंपनीच्या बाईने कॅमेरा बंद केला, करार संपल्याचं दोन वाक्यांत सांगितलं आणि ती निघून गेली. बाहुलीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती तो हात मांडीवर घेऊन बसली होती. डागांवरून बोट फिरवत तिने विचारलं, "पण का?"

"आई तापाने गेली नाही, बाहुले. साधा ताप होता. एक इंजेक्शन दिलं, ते तिला सोसलं नाही... चेहरा सुजला, श्वास अडकला, आणि दवाखान्याच्या पायऱ्या चढेपर्यंत सगळं संपलं. तू चार वर्षांची होतीस. तुला कसं सांगणार होते मी?"

दुसऱ्या दिवशी त्वचेच्या डॉक्टरांनी ताईचा हात पाहिला आणि तिला चांगलंच फैलावर घेतलं. सहा वर्षं नाही नाही ते चोपडून हिची कातडी पार बिथरलीय, म्हणाले. आता ती कशानेही पेटेल. आणि एकीच्या कातडीवरून दुसरीचं काहीच कळत नाही, एका आईच्या लेकी असल्या तरी. जे हिला बाधलं ते धाकटीला कदाचित काहीच करणार नव्हतं. आणि जे हिला सोसलं, त्याने धाकटीचं काय होईल, याचीही खात्री नव्हती.

ताई उठून बाहेर आली. म्हणजे इतकी वर्षं ज्या दारावर पहारा दिला, ते उघडंच होतं... आणि पोरीची दोन मोठी कामं विनाकारण बुडवली. बाहेरच्या बाकावर बसल्यावर तिला रडू आवरेना. "मी तुझं वाटोळं केलं गं."

"आणि मी तुला काय काय बोलले, ते?" बाहुलीने नाक पुसलं. मग तिला रडता रडताच हसू फुटलं. "काल एवढ्या लोकांनी तुझा हात पाहिला, ताई. माझ्या भुवयांकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही."

काम मात्र ती सोडणार नव्हती. आईचं कळल्यावर डॉक्टरांनी असे रंग बाहुलीच्या हातावर लावून तपासायचं काम आपल्यासमोरच करायचं ठरवलं. चार दिवसांनी दोघी पुन्हा तिथे गेल्या. नर्सने थेंब टाकायची काडी उचलली, तेव्हा बाहुली म्हणाली, "ताई लावेल."

"माझ्याने नाही व्हायचं."

"होईल. तू लाव आणि माझ्याजवळ बस. घाबरायचंच आहे, तर दोघी मिळून घाबरू."

ताईने देवाचं नाव घेतलं. ज्या कातडीवर काही येऊ नये म्हणून तिने स्वतःचा हात जाळून घेतला होता, त्याच कातडीवर तिने तो थेंब टेकवला आणि पाहत राहिली. बहिणीची बोटं तिच्या हातात होती, बर्फासारखी गार. म्हणजे हीसुद्धा घाबरलीय, तिला कळलं, घाबरूनही बसलीय.

"आई कशी होती गं?" बाहुलीने हळूच विचारलं. "फोटोतली नको. खरी सांग."

थेंबावरची नजर न हलवता ताई आठवू लागली. त्या सुजलेल्या चेहऱ्यापलीकडे जायला वेळ लागला. मग ती म्हणाली, "हसली ना, की आधी तोंडावर हात धरायची. पुढचा एक दात वाकडा होता तिचा... कोणाला दिसू नये म्हणून."