खोकल्यासकट

बल्गेरियातल्या रुसे शहराच्या रस्त्यावर पाऊस नुसता कोसळत होता, आणि नेवेनाने अंगातला कोट काढून हातातल्या खोक्यावर घातला होता. केस निथळत होते. मागून कुणीतरी तिच्या डोक्यावर छत्री धरली.

"माझ्यावर नको, खोक्यावर धरा," मागे न बघताच ती म्हणाली.

"बाळ आहे का आत?"

"बायका आहेत. म्हाताऱ्या. गातात."

छत्री मुकाट्याने खोक्यावर सरकली. दोघंही भिजत रेडिओ केंद्राच्या दारात पोचले. त्याने खोक्याला नाक लावलं. "आलुबुखाऱ्याचा वास येतोय..."

"येणारच. जुनी टेप चिकट होते. मंद आचेवर तापवली तरच वाजते, तीही थोडेच दिवस. सरकारने यंत्र दिलं नाही, म्हणून आत्याच्या फळं सुकवायच्या पेटीत तापवते. मोठे साहेब येतात, फोटो काढतात, जातात."

"त्यातलाच मी एक," तो ओशाळून म्हणाला. "कालोयान. सोफियाहून आलोय. तुमचा संग्रह संगणकावर चढवायला."

पापण्यांवर पाण्याचे थेंब होते त्याच्या. ते आपल्याला दिसले, याचाच नेवेनाला जास्त राग आला.

सोफियाचा हुकूम साधा होता. गाणी ठेवायची, बाकीचं कापायचं, टेपा भंगारात. वरच्यांना सभेसाठी खोली हवी होती. त्यांना नेहमी खोलीच हवी असते. ती खोली वर्षानुवर्षं कुणी जपली, हे विचारायची त्यांच्यात रीत नाही.

पहिल्याच टेपेवर स्तोयना आजी गाणं टिपायला आलेल्या पोराला म्हणत होती, "जेवलास का रे? आधी जेव, मग गाते." मग खोकला. मग गाणं. कालोयानने गाण्याआधीचं सगळं उडवलं. नेवेनाने त्याचं मनगट धरलं.

"हे काय केलंत?"

"ते गाणं नव्हतं."

"मग काय होतं?"

"...खोकला."

"घाबरली की खोकते ती. सोफियात कुणाला माहीत असणार? तुम्हाला गळा हवाय. बाई नकोय."

त्याचं मनगट अजून तिच्याच हातात होतं — तिने झटकन सोडलं.

घरी तिला चैन पडेना. उठायची, खिडकीशी जायची, परत यायची. खोकला गेला म्हणून जीव तुटत होता, की मनगट सुटलं म्हणून? बरं, माणूस वाईट म्हणावा, तर टेप लावताना त्याची बोटं झोपलेल्या पोराला उचलावं इतकी हळुवार...

दुसऱ्या दिवशी तो चीज भरलेली, लोण्यात भाजलेली गरम बानित्सा घेऊन आला.

"लोण्याची बोटं टेपेला लागली तर तोडून टाकीन," ती म्हणाली.

"मग भरवा तुम्हीच."

तिने एक घास भरवला. मग दिवसभर स्वतःला शिव्या घातल्या.

शनिवारी ती पावसात भिजत आली तेव्हा खोलीतून आवाज येत होता. जेवलास का रे... कालोयान पहिल्यापासून वाजवत बसला होता. काहीच कापत नव्हता.

"ही टेप परत चिकटायच्या आत उरकतोय," तो म्हणाला. "सोफियाला कळवलं, कापणार नाही. बदली इथे करा म्हटलं. आनंदाने केली. रुसेला कोण मरायला येतं?"

"आणि टेपा?"

"भंगाराच्या कागदावर माझी सही लागते. मी करणार नाही."

नेवेनाला हायसं वाटलं. आणि भीती वाटली. माणसाच्या नादाने केलेलं काम माणूस रुसला की बंद पडतं, हे तिने पाहिलं होतं.

"माझ्यासाठी करताय? मी उद्या निघून गेले, तर कापाल?"

त्याने आवाज कमी केला. टेप फिरत राहिली.

"नाही. तुम्ही गेलात तरी नाही."

तिला ते जरासं लागलं. आणि नेमकं तेच तर हवं होतं...

"पण एक आहे," तो चाचरत म्हणाला, "त्या म्हाताऱ्या जितका वेळ बोलल्या, तितकाच वेळ ऐकायला लागणार. यात घाई चालत नाही. खोलीभर टेपा आहेत, कितीतरी वर्षं जातील... चालेल?"

"कुणाला विचारतोयस? मला, की त्यांना?"

"तुला."

नेवेनाने ओला कोट काढून खुंटीला लावला.

"मग दुसरी खुर्ची आण," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी काही उभी राहणार नाही."