गाडीने ओळखलेलं घर

मुलांनो, कल्पना करा की तुम्ही एका गाडीत बसला आहात आणि ती चालवणारं कुणीच नाही. स्टिअरिंग आहे, पण ते घडी घालून आत सरकवून ठेवलेलं. बाबा पाय पसरून मोबाइल बघतायत, आणि गाडी आपली आपण ट्रकला बाजू देते, खड्डा चुकवते, सिग्नलला थांबते. ज्या काळाची ही गोष्ट आहे, त्या काळातल्या मुलांना यात काहीच नवल वाटत नसे.

आता थोडी अवघड कल्पना करा. घाटातल्या वळणावर समोरून एक टँकर ब्रेक निकामी होऊन तुमच्याच अंगावर येतोय. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. धडक टळणार नाही, हे गाडीला कळून चुकलंय. तुमची पापणी लवायच्या आत तिला एकच गोष्ट ठरवता येते: धक्का आपल्या कोणत्या कोपऱ्यावर झेलायचा. डावा कोपरा पुढे केला तर उजवीकडचे वाचतील, उजवा केला तर डावीकडचे. गाडीतल्या ज्या भागाकडे हे काम असतं, त्याला त्या काळी झेल-यंत्रणा म्हणत.

तुम्ही गाडी असता तर कोणता कोपरा पुढे केला असता? उत्तराची घाई नको. आधी आपण कराडच्या पिसाळांबरोबर गाडी बघायला जाऊ.

हणमंत पिसाळ पाटबंधारे खात्यात होते. त्यांची बदली चिपळूणला झाली होती, पण मुलांच्या शाळा आणि त्यांच्या बायकोचं, वृषालीताईंचं कॉलेज कराडातच होतं. म्हणजे दर आठवड्याला सगळ्या घराने कुंभार्ली घाट चढायचा आणि उतरायचा. त्यासाठी पाच जणांची, पण गल्लीत वळेल अशी लहान एसयूव्ही हवी होती. वर्षभर ते गाड्या बघत होते. वृषालीताई म्हणायच्या, “लग्नाच्या वेळी दोनच मुली बघून दुसरीला हो म्हणून मोकळा झाला हा माणूस, आणि गाडी काही ठरत नाही.” तो दुसरा क्रमांक आपलाच होता हे सांगायला त्या विसरायच्या नाहीत.

शेवटी तीन गाड्या उरल्या: रानवा, गिरिक आणि चपळा. महामार्गाजवळच्या एका मोठ्या दालनात तिन्ही मिळत होत्या. तुलनेचं काम अकरा वर्षांच्या केतकीकडे होतं, कारण तुलना करायला तिला मनापासून आवडायचं. एका चार्जिंगमध्ये कोणती किती धावते, डिकीत किती बॅगा मावतात, मागे एसीची झडप आहे का, हे सगळं तिला पाठ होतं. तिचा धाकटा भाऊ राजवीर फक्त छताची काच उघडते का एवढंच विचारत होता.

पाचवी होती आत्या. हणमंतरावांची थोरली बहीण, ते तिला आक्का म्हणत. लग्न करायचं राहूनच गेलेलं. आधी भावाचं शिक्षण, मग आईवडिलांचं आजारपण, मग भावाची मुलं. घरात ती नसती तर सकाळी कुणाचाच डबा वेळेवर भरला गेला नसता.

विक्रेत्याचं नाव मुजावर. प्रत्येक गाडीत सगळ्या कुटुंबाने बसून अर्ध्या तासाची फेरी मारायची, असं त्याने सांगितलं. पहिली रानवा. पुढे आईबाबा, मागे दोन खिडक्यांना मुलं, आणि मधल्या अरुंद जागेवर आत्या. सगळ्यांच्या पिशव्या तिच्या मांडीवर. एसी फार होतोय का, असं गाडीने विचारलं तेव्हा चौघांनी चार उत्तरं दिली. आत्या म्हणाली, “माझं काही नाही, मला कसंही चालतं.”

फेरी संपल्यावर पडद्यावर गाडीची सगळी माहिती आली. मुजावर एकेक पान सरकवत होता आणि शेवटचं पान न दाखवताच थांबला. ते केतकीच्या लक्षात आलं. शेवटच्या पानावर काय आहे, असं तिने विचारलं. तो म्हणाला, त्याची काही गरज नसते बाळा. पण वृषालीताईंनीही आग्रह धरला, आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर दाखवावं लागे, असा नियमच होता.

पानावर वरून पाहिलेली गाडी होती, पाच जागा असलेली. राजवीरची जागा पिवळीधमक. आईबाबांच्या केशरी. केतकीची विटकरी. मधली जागा जवळजवळ काळी.

“हे झेल-चित्र,” मुजावर म्हणाला. “वेळ आलीच तर गाडी कुणाला जास्त जपेल, ते यात दिसतं. जितका उजळ रंग, तितकं जास्त जपणार.”

हणमंतराव म्हणाले की मधली सीटच कच्ची असणार, तिथे डोकं टेकायलाही नीट जागा नाही. सगळ्यांना ते पटलं. केतकीला मात्र विज्ञानाच्या बाईंनी शिकवलेलं आठवलं: खरं कारण शोधायचं तर एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं. म्हणून गिरिकमध्ये बसताना तिने आत्याला खिडकीशी बसवलं आणि स्वतः मध्ये बसली. गाडी वेगळी होती, पण झेल-यंत्रणा तिन्हींत सारखीच; बाकी सगळं तेच. रस्ता तोच, वेगही तोच.

फेरीनंतर मधली जागा विटकरी झाली होती. काळा रंग सरकून खिडकीशी गेला होता.

रंग सीटचा नव्हता, आत्याचा होता.

हणमंतराव संतापले. आमच्या बहिणीला कमी लेखणारं हे यंत्र कुणी बनवलं, असं त्यांनी जरा चढ्या आवाजातच विचारलं. मुजावर चिडला नाही. हे त्याने आधीही ऐकलं असावं. त्याने त्यांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि सावकाश समजावलं.

सुरुवातीच्या गाड्यांमध्ये हा क्रम घरच्यांनीच द्यायचा असे. आधी कोण, नंतर कोण, ते पडद्यावर बोटाने लावायचं. माणसं इथे येऊन बसायची आणि रडायला लागायची. काही तशीच उठून जायची, ती परत यायचीच नाहीत. मग अभियंत्यांनी एक युक्ती काढली. माणसांना विचारायचं नाही, फक्त बघायचं. गाडीच्या आत डोळे असतात, कान असतात. बसताना कुणाचा पट्टा कोण तपासतं, वळणावर आईचा हात कुणापुढे आडवा जातो, कुणाला विचारलं जातं आणि कुणाला गृहीत धरलं जातं, हे गाडी टिपत राहते. त्याला घरओळख म्हणतात. घर ज्याला जपतं, त्याला गाडी जपते.

“गाडी मनाने काही ठरवत नाही, साहेब,” मुजावर म्हणाला. “तुमच्याकडूनच शिकते.”

मग विषय बदलावा म्हणून की काय, त्याने एक हकिकत सांगितली. त्यांच्या दालनातून गेलेल्या एका गाडीवर घाटात दरड आली होती. गाडीने इतक्या सफाईने वळून धक्का झेलला, की चौघांना साधं खरचटलंसुद्धा नाही.

“गाडीत किती जण होते?” केतकीने विचारलं.

मुजावरने पडद्यावरचं पान मिटलं. “पाच.”

मग हणमंतराव उठले. तिसऱ्या गाडीत सगळ्यांनी आक्काकडे नीट लक्ष द्यायचं, असं त्यांनी बजावलं. गाडी बघूनच शिकत असेल, तर बघू दे तिला.

चपळाची ती फेरी केतकी कधी विसरली नाही. बाबांनी पुढची सीट आत्याला देऊ केली. ती म्हणाली, छे, मला पुढे भीती वाटते, तूच बस. आईने पाण्याची बाटली पुढे केली. आधी पोरांना दे, आत्या म्हणाली. राजवीरने आपल्या चॉकलेटचा तुकडा मोडून दिला, तो तिने त्याच्याच तोंडात घातला. बाबा म्हणाले, आक्का, पिशव्या माझ्याकडे दे. तिने त्या आणखी घट्ट धरल्या. ती रागावली नव्हती, लाजत होती. एवढी विचारपूस तिला अंगावर आल्यासारखी होत होती, आणि ती परतवायची कशी, हे तिला लहानपणापासून छान येत होतं. जितकं द्यावं तितकं ती नाकारत होती, आणि प्रत्येक नकार गाडी ऐकत होती.

झेल-चित्रात तिची जागा आता पुरती काळी झाली होती.

हणमंतरावांनी कपाळावर हात मारून घेतला. वृषालीताई दुसरीकडे बघू लागल्या. आत्या मात्र चष्मा सावरून पडद्याजवळ गेली आणि चित्र नीट पाहून म्हणाली, “मग बरोबरच आहे की. मला विचारलं असतंत तरी मी हेच सांगितलं असतं. पोरांना वाचवायचं का मला? उगाच एवढा वेळ घालवलात.”

ती हसलीसुद्धा. केतकीने बाबांकडे पाहिलं. त्यांचे खांदे खाली आले होते, जड पिशवी ठेवल्यावर येतात तसे. कुणालाच काही ठरवावं लागलं नव्हतं, कुणालाच तोंडाने काही बोलावं लागलं नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी मुजावरला विचारलं की तिन्हींमध्ये चढावर दमदार कोणती. गिरिक, तो म्हणाला. मग गिरिकच ठरली. रंग पांढरा घ्यायचा की निळा, यावर बोलणंही सुरू झालं.

आता फक्त पक्की फेरी, म्हणजे ठरलेल्या गाडीतून सगळ्यांनी मारायची शेवटची फेरी, उरली होती. ती झाली की घरओळख कायमची गोठते, पुढे बदलत नाही. सगळे गाडीकडे निघाले तेव्हा केतकी पडद्यापाशीच उभी होती.

“माझा रंग राजवीरसारखा का नाही?” तिने विचारलं.

मुजावरने नोंदी पाहिल्या आणि सांगितलं, तिने तिन्ही वेळा भावाला हवी ती बाजू दिली होती, उन्हाची बाजू किंवा मधली अरुंद जागा स्वतः घेतली होती, आणि गाडीने विचारलं तेव्हा काही नको म्हणाली होती. शहाणी मुलगी आहे, असंही तो म्हणाला.

“ती आक्कावरच गेलीय,” हणमंतराव नेहमीच्या कौतुकाने म्हणाले. “कधी काही मागत नाही.”

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं असावं, कारण ते घाईने गाडीच्या दाराकडे वळले.

आत्या दोन पावलं परत आली. तिने पडद्यावर एका जागेवर बोट ठेवलं, मग शेजारच्या जागेवर. काळा आणि विटकरी. स्वतःचा रंग बघताना हसलेली आत्या आता हसत नव्हती. “हिचा का असा?” ती म्हणाली. “हिने काय केलंय?” उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

“उशीर होतोय,” हणमंतराव हळूच म्हणाले.

सगळे गिरिकमध्ये बसले. आत्या सवयीने मध्ये सरकू लागली, मग तिला काय वाटलं कोण जाणे, दाराशीच बसून राहिली. गाडीने गोड आवाजात सांगितलं की पक्की फेरी सुरू होत आहे, कृपया दारं लावून घ्यावीत.

मुलांनो, सुरुवातीला मी तुम्हाला कोपऱ्याचा प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पण केतकीने काय केलं, ते मला सांगता येतं.

ती आपल्या बाजूने उतरली. गाडीला वळसा घालून आत्याच्या बाजूला आली आणि ते दार पूर्ण उघडून दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. दार उघडं असेपर्यंत गाडी हलत नाही, हे तिला पाठ होतं. बाबांनी दोनदा हाक मारली. राजवीर कुरकुरला. ती हलली नाही.

“आत्या,” ती म्हणाली, “तुला काय हवंय?”

आत्याचे ओठ नेहमीच्या ‘काही नाही’साठी उघडले. केतकीने मान हलवली आणि दार आणखी घट्ट धरून ती वाट बघत राहिली.