कार्मेलीनचा वास

नाकात जाळी बसवल्याच्या एकेचाळिसाव्या दिवशी इनास दाब्रेला नऊ वर्षांत पहिल्यांदा वास आला, आणि तो जळक्या रबराचा होता.

सकाळचे साडेसहा वाजले असतील. भुईगावच्या आपल्या वाडीत तो सोनचाफा खुडत होता. वास आला तसा दचकून त्यानं टोपली खाली ठेवली आणि आजूबाजूला पाहिलं. धूर कुठेच नव्हता. पंपाची मोटर बंद होती. त्यानं टोपली पुन्हा उचलली आणि वास वाढला. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं एक फूल उचलून नाकाशी धरलं आणि तो मोठमोठ्यानं हसू लागला.

"जसिंता! अगं इकडे ये लवकर! चाफा जळतोय!"

जसिंता त्याची एकुलती एक मुलगी. लग्नानंतर दोन घरं सोडून राहायची, आणि शाळेत शिकवायला जाण्याआधी रोज बापाबरोबर चहा प्यायला यायची. ती पदर खोचत धावत आली. तिनं फूल हुंगलं.

"पपा, चाफ्याचाच तर वास आहे. चांगला आहे."

"मला टायर जळल्यासारखा येतोय."

"मग हसताय कशाला?"

"अगं, येतोय ना!" इनास म्हणाला आणि त्यानं फूल पुन्हा नाकाशी नेलं.

नऊ वर्षांपूर्वी साथीच्या तापानं त्याचं नाक नेलं होतं. ताप आठवड्यात उतरला, वास परत आला नाही. गंधाची जाणीव मेंदूपर्यंत नेणारे मज्जातंतू मुळापासून जळाले आहेत, असं डॉक्टर म्हणाले. फुलांवर पोट असलेल्या माणसाचं नाक जावं, यावर गावात थट्टाही झाली. पण त्याची बायको कार्मेलीन होती. ती त्याचं नाक झाली. "आज झाडाला पाणी जास्त झालंय, फुलाचा वास फिका येतोय," असं ती सांगायची आणि तो पाणी तोडायचा. दूध उतू गेलेलं, मासळी उतरलेली, सगळं तीच सांगायची. सुरुवातीला ती रोज काहीतरी त्याच्या नाकापुढे धरून विचारायची, "काही कळतंय?" पुढे पुढे तिनं विचारणं सोडलं.

तीन वर्षांपूर्वी ती पोटाच्या आजारानं गेली. म्हणजे शेवटची सहा वर्षं ती त्याच्याशेजारी झोपत होती, उठत होती, त्याच्या ताटात वाढत होती, आणि तिचा वास त्याला नव्हता. ती गेल्यावर त्याला सगळ्यात जास्त खुपलं ते हेच. चेहरा फोटोत होता, आवाज फोनमध्ये होता. वास कुठेच नव्हता.

म्हणायला एका ठिकाणी होता. शेवटचं इस्पितळात जायच्या दिवशी कार्मेलीननं अंगावरची सुती साडी बदलली आणि ती न धुता, घडी करून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातली. झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळली.

"तुमचं नाक आलं की उघडा," ती म्हणाली होती.

"आणि नाही आलं तर?"

"येईल हो. एवढं नवं नवं निघतंय."

ते नवं तीन वर्षांनी निघालं. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत डॉ. मृण्मयी करंबेळकर वास गेलेल्या माणसांवर एक उपचार करून पाहत होत्या. जसिंतानं बातमी वाचली आणि बापाला तिथे नेलं. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, भरभर बोलणाऱ्या, पण समोरचा माणूस गोंधळला की थांबणाऱ्या होत्या.

"दाब्रेकाका, तुमच्या वाडीत पडवळाला मांडव घालता ना? तसंच आहे," त्या म्हणाल्या. "रेशमाच्या कोशातलं प्रथिन काढून त्याची केसाहून बारीक जाळी विणायची. तिच्यावर तुमच्याच नाकातल्या मूलपेशी पेरायच्या, म्हणजे ज्या पेशींतून नवे तंतू उगवू शकतात त्या. जाळी नाकाच्या छताला बसवायची. तंतू तिच्यावरून मेंदूपर्यंत चढतात आणि सहा महिन्यांत मांडव आपोआप विरून जातो."

"आणि खत?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "खत चीनमधून येतं."

खत म्हणजे 'शिन-यी' नावाच्या झाडाच्या कळ्यांतून वेगळा काढलेला एक रेणू होता. चिनी वैद्य या कळ्यांचा काढा चोंदलेल्या नाकावर कित्येक शतकं देत आले होते. काढ्यानं मेलेले तंतू उगवतात, असा दावा कुणी केला नव्हता. तो रेणू वेगळा करून पेशींवर घातल्यावरच त्याचा हा गुण उघड झाला. कळ्या जिथून यायच्या तिथल्या एका वृद्ध वैद्यबाई, शेन त्यांचं आडनाव, या कामात सल्लागार होत्या. संमतीच्या कागदावर सही करायच्या आधी इनास घुटमळला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांना पडद्यावर बोलावलं. दोघांमधलं बोलणं यंत्र इकडून तिकडे भाषांतर करून देत होतं.

शेनबाईंनी तळहातावर एक लव असलेली करडी कळी ठेवून दाखवली. इनासनं खिशातून सोनचाफ्याचं फूल काढून दाखवलं. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"हे आमच्या झाडाचं भावंड दिसतंय. कधी खुडता?"

"ऊन चढायच्या आत. अर्धं मिटलेलं असतं तेव्हा."

"आम्हीही उमलायच्या आधीच. उमलली की औषधाच्या उपयोगाची नाही." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला कशाचा वास हवाय?"

आजवर हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. सगळे धरूनच चालले होते की फुलांचा.

"माझ्या बायकोचा," तो म्हणाला. "वाडीतून घरात आली की तिच्या पदराला खोबरेल तेल, बाटली मसाला, चाफा, थोडा सुका बोंबील असं सगळं यायचं. पण ते सगळं एकत्र केलं तरी ती होत नाही."

यंत्रानं हे चिनी भाषेत सांगितलं. शेनबाईंनी तळहातावरची कळी बाजूला ठेवली. मग एवढंच म्हणाल्या, "सही करा."

जळक्या रबराचं ऐकून डॉक्टरीणबाईंना आनंदच झाला. "तंतू पोचले. पण कुठला तंतू कुठे जोडला गेलाय, हे तुमच्या मेंदूला अजून ठाऊक नाही. त्याला शिकवावं लागेल." त्यांनी लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी अशा चार बाटल्या दिल्या. सकाळ-संध्याकाळ एकेक उघडायची, डोळ्यांसमोर ती वस्तू धरायची, नाव घ्यायचं आणि हुंगायचं. डबा मात्र एवढ्यात उघडायचा नाही, असं त्यांनी बजावलं.

इनासनं पहिलीतल्या पोराच्या निष्ठेनं अभ्यास केला. महिनाभर लवंगेला रॉकेलचा वास येत होता, लिंबाला ओल्या सिमेंटचा. मग हळूहळू रॉकेल पातळ झालं. पाचव्या महिन्यात एका सकाळी झाडाखाली उभा असताना चाफा चाफ्यासारखा आला. तो कितीतरी वेळ फांदी धरून उभा राहिला. पूर्वी असाच होता का हा? असाच असावा. त्यानं मन लावून आठवून पाहिलं, पण आठवणीत चाफ्याचं नाव होतं, रंग होता, वास आठवत नव्हता.

त्याच आठवड्यातल्या रविवारी, दुपारच्या जेवणानंतर, त्यानं डबा टेबलावर आणला. जसिंता समोर बसली होती. ती सकाळपासून गप्प होती. इनासनं चिकटपट्टी सोडवली, झाकण उघडलं, डोळे मिटले आणि साडीत तोंड घातलं.

पत्र्याचा वास आला. कोरड्या कापडाचा आला. आणखी काही नाही.

त्यानं घडी उलगडली, पदर हुंगला, निऱ्यांची बाजू हुंगली. "माझं नाकच अजून…" असं तो म्हणतोय तोच जसिंता रडू लागली.

"पपा, तुमचं नाक ठीक आहे. मी उघडायचे डबा. तुम्ही वाडीत असताना. दर रविवारी, चर्चमधल्या मिस्सावरून आल्यावर. एकदाच हुंगायचे आणि पुन्हा पट्टी लावून ठेवायचे. मला कुठे ठाऊक होतं तुमचं नाक खरंच येईल म्हणून? आयचा वास वाया चाललाय असं वाटायचं."

इनासनं चिकटपट्टीकडे पाहिलं. ती नवी होती. हे आपल्याला आधी कसं दिसलं नाही, याचंच त्याला नवल वाटलं. तो उठला आणि वाडीत निघून गेला. तीन वर्षं, दर रविवारी एक श्वास. मुलीनं आईला हुंगून हुंगून संपवलं होतं. राग आला, आणि रागाच्या पोटात हेवाही होता, याची त्याला लाज वाटली. आठ दिवस तो तिच्याशी चहापुरतं बोलला. नवव्या दिवशी तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

"कसा होता गं? सांग ना मला."

जसिंतानं सांगायचा प्रयत्न केला. पण वासाला शब्द कुठे असतात? ती नुसती हात हलवत राहिली. मग दोघं साडी घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले.

तिथल्या यंत्राला कापडात माणसाच्या नाकाला जाणवणार नाहीत इतके थोडे, पण ओळखता येण्याजोगे एकशे सत्तर प्रकारचे रेणू सापडले. "घटक कळले, प्रमाण नाही कळलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हलके रेणू आधी उडून जातात. मूळ प्रमाण आता एकाच ठिकाणी आहे." आणि त्यांनी जसिंताकडे पाहिलं.

सात शनिवार जसिंता संस्थेत जात राहिली. यंत्र एकेक मिश्रण तिच्या नाकापुढे सोडायचं आणि ती सांगायची: जवळ आलं. लांब गेलं. तेल जास्त झालं. घाम हवा, पण असा नको, ऊन उतरल्यावरचा हवा. पहिल्या शनिवारी ती रडत परतली. चौथ्या शनिवारी रागावून. सातव्या शनिवारी तिनं एक मिश्रण हुंगलं, खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले आणि म्हणाली, "हीच. हीच आय."

छोटी निळी कुपी घेऊन डॉक्टरीणबाई इनाससमोर बसल्या. त्यानं बूच काढलं, श्वास घेतला. पुन्हा घेतला.

"कुणीतरी बाई आहे," शेवटी तो म्हणाला. "चांगली बाई आहे. घरातलं काम करून आलेली. पण ही कार्मेलीन नाही."

जसिंताचा चेहरा उतरला. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"काका, मिश्रण चुकलेलं असू शकतं," त्या म्हणाल्या. "किंवा ते अगदी बरोबर असेल, आणि तुमच्या नव्या तंतूंनी तिला कधी पाहिलेलंच नसेल. ते तंतू सहा महिन्यांचे आहेत. त्यांची-तिची गाठ पडलेली नाही."

"मग कळायचं कसं?"

"कळणार नाही. पण शिकवता येईल. लवंग शिकलात तसंच. रोज तिचा फोटो समोर ठेवा, आवाज लावा, आणि हुंगा. तीन-चार महिन्यांत हा वास आला की तुम्हाला तीच आठवेल. तुमचं काळीज धडधडेल, डोळे भरून येतील."

"आणि ते खरं असेल?"

"धडधडणं खरं असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यापलीकडचं मला सांगता येत नाही."

कुपी घेऊन बापलेक घरी आले. ओट्यावर बसले. समोरच्या झाडांवर ऊन तिरपं झालं होतं. जसिंतानं बापाच्या हातातली कुपी घेतली, बूच न काढता नुसती बोटांत फिरवत राहिली.

"पपा, एक सांगू? डॉक्टरांना नाही सांगितलं मी." तिचा आवाज बारीक झाला होता. "सातव्या शनिवारी मी 'हीच आय' म्हटलं, तेव्हा मला खात्री होती. पण परवापासून आयला आठवायला गेलं की हाच वास येतो. डब्यातला कसा होता, तो आता आठवतच नाही. हा त्याच्यावर बसलाय. तो आणि हा एकच होता की नाही, मला आता सांगता येणार नाही."

इनास उठला. घरात जाऊन त्यानं भिंतीवरचा कार्मेलीनचा फोटो काढून आणला. वाडीत, कमरेला टोपली, उन्हानं डोळे बारीक केलेले. तो त्यानं दोघांच्या मधे, ओट्यावर टेकवून ठेवला. मग मुलीपुढे हात केला. तिनं कुपी दिली नाही, मुठीत धरून ठेवली.

"पपा, एकदा शिकलात की मागे फिरता यायचं नाही. आणि ही आय नसली तर? तुम्ही जन्मभर दुसऱ्याच कुणाला तरी हुंगत राहाल."

इनासनं फोटोकडे पाहिलं, मग मुलीच्या मिटल्या मुठीकडे.

"अगं, तुझं नाक म्हणतं हीच. उद्या माझंही म्हणेल," तो हलकेच म्हणाला. "मग 'ही ती नव्हे' असं सांगायला या जगात उरलंय तरी कोण?"