सुईच्या टोकावरचा थेंब

"टाकीच्या पाण्यात कीटकनाशक आहे असं मी लिहून दिलं, आणि प्रयोगशाळेच्या मालकांनी मलाच खोटं पाडून घरी बसवलं," प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञ बाई म्हणाल्या. "वस्ती अजून तेच पाणी पितेय. माझी भाची दवाखान्यात आहे."

"चाचणी कशी करता?" तपासनीसाने विचारलं. शेजारी त्याचे मित्र, निवृत्त मास्तर, कान टवकारून बसले.

"बारीक सिरिंजच्या सुईला द्रावकाचा थेंब लोंबकळत ठेवून पाण्यात बुडवायचा. पाण्यातलं विष तो ओढून घेतो. मग थेंब आत खेचून यंत्रात सोडायचा. यंत्र आलेख काढतं. मी अनेकदा केली, नमुन्याची अर्धी बाटली संपली."

"चाचणीच फसली तर?"

"म्हणून टाकीपाशीच बाटलीत एक खुणेचं रसायन घालते. आलेखात त्याचं टोक दिसायलाच हवं. हे मला आणि सहायकाला ठाऊक. मालकांना त्यातलं ओ की ठो कळत नाही."

प्रयोगशाळेत चाळिशीचा सहायक घाम पुसत म्हणाला, "फेरचाचणी मी केली. वीस मिनिटं थेंब सांभाळला, श्वास रोखून. आलेख थेट मालकसाहेबांकडे गेला."

"नमुना ठेवलेल्या फ्रीजच्या किल्ल्या?"

"एक माझ्याकडे, एक साहेबांकडे. बाईंची काढून घेतली."

फ्रीजमधली बाटली जवळजवळ गळ्यापर्यंत भरलेली होती.

मालकांनी आलेख टेबलावर आपटला. सुरुवातीला द्रावकाचं उंच टोक, पुढे सपाट रेघ. "पाणी स्वच्छ! माझ्या मेहुण्याचा कीटकनाशकांचा कारखाना बाईंच्या डोळ्यांत खुपतो. फ्रीजला तर मी हातही लावलेला नाही."

मास्तर कुजबुजले, "खुणेचं टोकच नाही. सहायकाने थेंब बुडवलाच नसेल."

"मग अर्धी बाटली भरली कशी?" तपासनीस मोठ्याने म्हणाला. "नुसती भर घातली असती, तर खूण फिकी का होईना, दिसली असती. म्हणजे सगळं पाणीच बदललं. सहायक खुणेचं रसायन घालायला विसरला नसता. किल्ली हातात आणि खुणेची माहिती नाही, असा माणूस एकच. साहेब, तुम्ही."

मालकांचा चेहरा पडला. "मेहुणा म्हणाला, आठवडाभर सांभाळून घ्या..."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांच्याच टेबलावरचा फोन उचलून पाणीपुरवठा कार्यालयाला लावला.

"टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. आत्ता. हो, लेखी देते. माझ्या सहीनं."