जड बाहुली

चंद्रभागेला बाजारात कुणी फसवलं, असं कोलशेतात कुणी कधी ऐकलं नव्हतं. टोपलीतली मासळी आजची की कालची, हे ती कल्ला न उघडता सांगायची. भाजीवाला, तेलवाला, कापडवाला, सगळे तिला वचकून असत. त्यामुळे शकूच्या उताऱ्याचं सामान आणायला ती स्वतः कल्याणला निघाली, तेव्हा तिच्या नवऱ्याला, नाथाला, सामानाची काळजी नव्हती. काळजी होती ती पोरीची.

ही शहाऐंशी-सत्याऐंशीची गोष्ट. शकू त्यांची एकुलती एक, नवसासायासानं झालेली. ओहोटीला खाडीत चिंबोऱ्या धरायला उतरली आणि परतली ती तापानं फणफणूनच. ठाण्याच्या डॉक्टरनं सुया टोचल्या. दिवसा ताप उतरायचा, तिन्हीसांजेला पुन्हा चढायचा, आणि पोर खाडीकडे तोंड करून पुटपुटत बसायची. शेवटी गावचे भगत, भिवाजी, बघून गेले. उतारा करायला लागेल म्हणाले. गुग्गुळ, शेंदूर, बिब्बे आणि एक काळी बाहुली.

"सामान पारखून घे," त्यांनी बजावलं. "उताऱ्यात खोटं चालत नाय."

कल्याणच्या बाजारपेठेत एका बोळात महिपतचं दुकान होतं. पूजेचं सामान पुढे, आणि लोक ज्याचं नाव मोठ्यानं घेत नाहीत ते सामान मागे. चंद्रभागेनं आधी गुग्गुळ निखाऱ्यावर टाकायला लावला. वास आला निव्वळ राळेचा. शेंदूर चिमटीत चोळून पाहिला, तर विटेची पूड. मग तिनं तोंड सोडलं. देवाच्या नावानं वीट विकताना लाज कशी वाटत नाही, आजारी माणसाच्या उशाशी जाळायच्या वस्तूत भेसळ करणाऱ्याच्या घरात आजारपण येत नाही का, असं तिनं भर बोळात त्याला ऐकवलं. आणि तिचं चूक काय होतं? मिरचीत भेसळ केली तर जीभ तरी बोंब मारते. उताऱ्याच्या सामानाची तक्रार करायला कोण कुठे जाणार? यांचं फावतं ते त्यामुळेच.

महिपतनं मुकाट्यानं आतून चांगला माल काढला. राहिली बाहुली. आढ्याला दोऱ्यानं काळ्या चिंध्यांच्या बाहुल्या टांगलेल्या होत्या. बाहुली कशी पारखतात, हे चंद्रभागेला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं मासळी पारखतात तशी पारखली. अंगठ्यानं पोट दाबून पाहिलं. बऱ्याचशा पोकळ, फुसक्या होत्या. एक मात्र घट्ट होती, हाताला चांगली जड लागत होती.

"पारखी नजर आहे तुमची, मावशी," महिपत म्हणाला.

रिवाजाप्रमाणे तिनं शकूच्या लाल फुलांच्या झग्याची पट्टी फाडून बाहुलीला गुंडाळली आणि जाळं विणताना मारतात त्या गाठीनं बांधली. भिवाजीनं बाहुली पोरीवरून उतरवली. दिवेलागणीला चंद्रभागा ती खाडीच्या कडेला ठेवून मागे न बघता परत आली. त्या संध्याकाळी ताप चढला नाही. नाथाच्या डोळ्यांत पाणी आलं.

सकाळी शकू उंबऱ्याशी बसली होती. गुडघे जुळवलेले, हात मांडीवर. चंद्रभागेनं पुढ्यात भात आणि बोंबलाचं कालवण ठेवलं. पोरीनं नाकाला हात लावला.

"मी हे खात नाही," ती हळूच म्हणाली. "काकू... मला घरी सोडता का?"

अंग शकूचं, डोळे शकूचे, कोपरावरचा जुना व्रण शकूचा. पण बोलणं... शकूला असं बोलताच यायचं नाही. ती 'आये' म्हणून बोंबलत घरात शिरायची, पहिला हात कालवणात घालायची. नाथा म्हणाला, ताप डोक्यात गेला असेल, येईल ताळ्यावर. चंद्रभागेनं पोरीला नाव विचारलं. नीला, पोर म्हणाली. डोंबिवलीला राहते. आजारी होते, आईनं दृष्ट काढली, मग खूप अंधार होता, आणि अंधारात ती एकटी नव्हती. याहून जास्त तिला सांगता येईना. ती नुसती रडायला लागली.

चंद्रभागा तडक कल्याणला गेली. खोटा माल देऊन माझ्या पोरीचं वाटोळं केलंस, असं म्हणत ती दुकानाची पायरी चढली आणि तिची नजर वर गेली. आढ्याला तिचीच बाहुली टांगलेली होती. वरून नवीन काळं फडकं गुंडाळलं होतं, पण गळ्याशी ते नीट बसलं नव्हतं. तिथून लाल फुलं दिसत होती. आणि तिची जाळ्याची गाठ.

चोरी पकडली गेली तरी महिपतला काही वाटलं नाही. एक माणूस शीळफाट्याच्या तिठ्यापासून खाडीपर्यंत फिरतो, उतारे उचलून आणतो, असं त्यानं सरळ सांगितलं. सगळेच दुकानदार त्याच्याकडून घेतात.

"देवळात वाहिलेला नारळ संध्याकाळी परत दुकानात येतोच की," तो म्हणाला. "त्याचं कोण काय बोलतं?"

"नारलाला आई नसते," चंद्रभागा म्हणाली. "पोरीला असते."

तिनं बाहुली दोऱ्यासकट ओढून काढली. ती पहिल्यापेक्षाही जड झाली होती. तेव्हा मात्र महिपतचा चेहरा उतरला. उतारा विकायला न भिणारा तो माणूस आता हात जोडून पायरीपर्यंत आला.

"घरी नेऊ नका, मावशी... उतारा उलटा घरी नेत नाहीत..."

चोराला धर्म आठवला तो असा, स्वतःवर शेकेल म्हटल्यावर. तिनं बाहुली मासळीच्या पाटीत ठेवली, वर फडकं टाकलं आणि एसटीत बसली. शेजारची बाई थोड्या वेळानं उठून दुसरीकडे उभी राहिली. पाटीतून ओल्या चिखलाचा वास येत होता. पाटी तर कोरडी होती.

भिवाजीनं घरी येऊन बाहुली जमिनीवर ठेवायला लावली. कात्रीच्या टोकानं त्यांनी काळं फडकं उलगडलं. त्याखाली लाल फुलं. त्याखाली पुन्हा काळं, मग शाळेच्या गणवेशाचं निळं कापड. ते पाहून कोपऱ्यातली पोर पुटपुटली, "तो माझा स्कर्ट आहे." निळ्याखाली आणखी एक चिंधी होती, कुजकट, रंग गेलेली. तिला भिवाजीनं हात लावला नाही.

"नव्या बाहुलीत दुखनं जातं," ते दबक्या आवाजात म्हणाले. "वापरलेलीत दुखनेकरीच जातो. हे सगल्यात खालचं हाय ना, ते पहिलं दुखनं. कोनाचं, काय, देव जाने. त्याच्यावर ही पोर गेली. बाहुली भरली. मग आपली शकू आत गेली तशी ही बाहेर आली."

"मंग शकूला बाहेर काढ."

"ही लाल चिंधी पोरीच्या हाताला बांधली की शकू येल. पन ही आत जाईल."

"हिला हिच्या घरी धाडू."

ही आत गेली तेव्हा हिच्या जागी बाहेर यायला कुणी नव्हतं, हिचं अंग रिकामंच राहिलं, असं भिवाजींनी सांगितलं. डोंबिवलीला हिच्या आईनं आता हिचे दिवससुद्धा घातले असतील.

पोरीनं ते ऐकलं की नाही, कळलं नाही. चंद्रभागेचा संताप संताप झाला. गळा धरावा असा महिपत तिथे कल्याणात गल्ल्यावर बसलेला, आणि इथे तिच्या हातात हे लाल फुलांचं कापड. एका आईचं तळपट झालंच होतं, दुसरीचं व्हायचं होतं. तिनं पोरीला जवळ घेतलं, केसांवरून हात फिरवला आणि तिच्या मनगटाला पट्टी बांधली. बांधताना तिनं पोरीकडे पाहिलं नाही.

"आये, भूक लागली गो," शकू म्हणाली.

चंद्रभागा तिला उराशी धरून मोठ्यानं रडली.

बाहुली तिनं परत खाडीवर ठेवली नाही. ठेवली असती तर एका रात्रीत ती पुन्हा आढ्याला लटकली असती, पुन्हा कुणाची तरी लेक गेली असती. जाळायला भिवाजींनी मनाई केली, आत पोर आहे म्हणाले. म्हणून तिनं ती घरातल्याच कोनाड्यात ठेवली आणि पुढे पडदा लावला. ओळखीपाळखीच्या बायांना ती सांगत सुटली, बाहुली घरी शिवा, विकतची घेऊ नका. बाया माना डोलवायच्या आणि कल्याणला जायच्या. महिपतचं दुकान उलट वाढलं.

दिवेलागणीला कोनाड्यातून हलकी हाक यायची. "काकू... दिवा लावलात?" चंद्रभागा म्हणायची, "लावला गो." तेवढं ऐकून आवाज थांबायचा. पहिल्यांदा ती घाबरली होती, मग सवय झाली. त्या पोरीचं आता दुसरं होतं तरी कोण? नाथा अशा वेळी बाहेर जाऊन बसे.

एका संध्याकाळी ती चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. शकू बाहेर अंगणात खेळत होती. हाक आली.

"काकू... शकू कुठे निजते?"

"माजे कुशीत, आनखी कुठं," चंद्रभागा भाकरी उलटत म्हणाली. "भिंतीकडच्या बाजूला."

भाकरी फुगली, तिनं ती टोपलीत टाकली. मग पडद्यामागून पुन्हा आवाज आला, बारीक, भेदरलेला.

"काकू... आत्ता कोणाशी बोललात? मी काही विचारलं नव्हतं..."