उतरता खांदा

टक्... टक्... टक्... मशीनवरून निसटलेली बॉबिन फरशीवर घरंगळत गेली आणि दारातल्या छोट्याशा बुटाला अडून थांबली. 

"मावशी, ही तुझी?" मुलीनं बॉबिन पुढे केली.

मशीनपाशी बसलेल्या ताईचा हात पुढे झालाच नाही! ज्या तान्ह्या जिवाला तिनं डोळे भरून पाहिलंही नव्हतं, तो आज पुढचे दात पडलेल्या तोंडानं तिच्यापुढे हसत होता... नवरा अपघातात गेला तेव्हा ताईला दिवस गेलेले होते, आणि धाकट्या बहिणीची कूस पुन्हा पुन्हा रिकामी होत होती. बाळंतिणीच्या खाटेशी धाकटी ओक्साबोक्शी रडली, "माझा संसार मोडेल गं ताई!" आणि ताईनं पोटचा गोळा तिच्या पदरात घातला. धाकटीची अट एकच होती, 'तू मावशीच राहायचंस... लांबची मावशी.'

"हिला शाळेच्या नाटकात जुन्या सिनेमातली नायिका व्हायचंय," धाकटी दारातूनच बोलली. "फुगीर बाह्या, कमरेत घट्ट, खाली मोठा घेर. सगळे शिंपी धुंडाळले, तसला कापायचा कागदी फर्मा कुणाकडे नाही. म्हटलं, जुन्या बाजारातून कागद वेचत हिंडणारी वेडी आपल्याच घरात आहे."

"वेडी तर वेडी. आत तर ये."

"माप आणलंय मी. तिच्या अंगाला टेप लावायची गरज नाही."

गरज नाही! ताईच्या काळजात सुई मोडून राहिल्यासारखं झालं. पण ती मुकाट्यानं पत्र्याच्या ट्रंकेपाशी बसली. पिवळ्या पडलेल्या पाकिटांतून तलम कागदाचे फर्मे एकेक करून निघू लागले, तशी मुलगी गुडघ्यांवर रांगत जवळ आली. एका पाकिटावरच्या ऐटबाज नायिकेकडे बोट दाखवत ती म्हणाली, "ही शिंकणार आहे का गं?"

ताईला खुदकन हसू फुटलं. "अगं, तेव्हाच्या नायिका अशाच ओठ मिटून बघायच्या. बोलायचं काम बाह्यांकडे असायचं!"

फर्म्यावरून बेतून, मांजरपाटाला कच्चे टाके घालून तिनं झगा तयार केला; धाकटीनंच पुढे होऊन तो मुलीच्या अंगावर चढवला. डावी बाजू चपखल बसली... आणि उजवीकडचा गळा घसरून खाली आला.

"बघ! हिचे सगळेच फ्रॉक असे घसरतात," धाकटी करवादली. "शिंपी म्हणतो, पोरगी वाकडी उभी राहते. रोज ओरडते मी, सरळ उभी राहा म्हणून!"

ताईचा हात नकळत स्वतःच्या उजव्या खांद्यावर गेला. तिथं ब्लाउजच्या आत, लहानपणी आई तिच्या फ्रॉकात घालायची तशीच, कापडाची पातळ गादी शिवलेली होती. जन्माचाच उतरता खांदा! एक शब्द पुरे होता... एकच! पण आरशात ते भाबडं पोर दोघींकडे विश्वासानं पाहत होतं.

"कापड तिरकं कापलं गेलं," ती कशीबशी म्हणाली. "माझाच हात चुकला."

धाकटी हसली नाही, रागावली नाही. ती नुसती आरशात पोरीचा उतरता खांदा आणि ताईच्या खांद्यावरचा तो हात पाहत राहिली. मग तिच्या तोंडून हुंदका निसटला.

"तू? आणि तिरकं? ताई, अजून मलाच सांभाळून घेतेस गं! आणि मी पोरीला सरळ उभं करत होते... रोज!" तिनं टेप उचलून ताईच्या हातात कोंबली. "तूच घे माप. आणत जाईन मी तिला. भीती वाटायची गं, एकदा पाहिलंस की परत मागशील..."

"दिलेलं कुणी परत मागतं का, वेडे?" ताईनं तिचे डोळे पुसले. स्वतःचे मात्र तसेच वाहू दिले.

मग त्या चिमुकल्या खांद्यावर, या जन्मात पहिल्यांदाच, तिची बोटं टेकली. माप घ्यायला एवढा वेळ लागत नाही, हे खोलीतल्या दोघींना ठाऊक होतं.

"गुदगुल्या होतात!" मुलगी खिदळली. तिची नजर उघड्या ट्रंकेवर खिळली होती.

"मावशी, तुला मुलगी नाही ना?"

टेप जागीच थबकली.

"मग तू म्हातारी होऊन देवाघरी गेलीस, की हे सगळे फर्मे कुणाचे होणार गं?"